आचारी, आचार्य आणि पडद्यावरची ओळ

'आचाऱ्याला बोलवा' आणि 'आचार्याला बोलवा' यांतला फरक मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. पहिल्या वाक्याने स्वयंपाकी येतो, दुसऱ्याने गुरुजी. हा फरक ज्या आडव्या रकारावर उभा आहे, तो युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एक, नुक्त्याचा ऱ, हलन्त आणि य. दुसरा, साधा र, हलन्त, मग 'झिरो विड्थ जॉइनर' हे न दिसणारे जोडचिन्ह आणि य. सबटायटलची फाइल साफ करताना कोणी अदृश्य चिन्हे कचरा समजून काढली, तर दुसऱ्या प्रकारातले जोडचिन्ह जाते, रकाराचा रफार होतो आणि स्वयंपाकघरात आचार्य अवतरतात. प्रेक्षक म्हणतो, अनुवादकाला मराठी येत नाही.

हा आरोप चुकीच्या माणसावर होतो, एवढेच मला म्हणायचे नाही. सबटायटल दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरने आपल्या लिप्यांना 'जटिल' हे नाव दिले आणि त्या नावाआडून अचूकपणा ऐच्छिक करून टाकला, अशी माझी तक्रार आहे.

रोमन लिपीत एका संकेताला एक आकार, आणि आकार डावीकडून उजवीकडे एकामागून एक, एवढ्यावर बरेचसे भागते. 'कि' मध्ये मात्र साठवताना आधी क येतो, मग वेलांटी. दाखवताना वेलांटी आधी हवी. अरबी, फारसी, उर्दूत अक्षराचा आकार शेजाऱ्यावर ठरतो आणि ओळ उजवीकडून चालते. डीव्हीडीच्या काळात हा प्रश्न झाकलेला होता, कारण तिथे सबटायटल म्हणजे चित्र असे. ते तयार करणाऱ्याच्या संगणकावर ओळ नीट दिसली की सगळीकडे नीट दिसे. चित्राच्या जागी मजकुराची फाइल आली आणि अक्षरे जुळवण्याचे काम प्रेक्षकाच्या प्लेअरवर पडले.

हे काम करणारी चांगली साधने आहेत. व्हीएलसी आणि एमपीव्ही हे प्लेअर लिबॅस ही लायब्ररी वापरतात. दिशा ठरवण्यासाठी ती फ्रीबिडीची मदत घेते आणि आकार जुळवण्यासाठी हार्फबझची. हार्फबझ हे नावच फारसीतून, 'ओपनटाइप' या संज्ञेच्या फारसी रूपावरून घेतलेले आहे. पण एमपीव्हीमध्ये अक्षरजुळणीचे दोन पर्याय मिळतात, 'सिंपल' आणि 'कॉम्प्लेक्स'. पहिला वेगवान, पण काही भाषांत चुकू शकणारा, दुसरा संथ. दुसरा आपोआप निवडलेला असतो, हे खरे. मात्र लिबॅस हार्फबझशिवाय बांधलेली असेल, तर ती काही न बोलता पहिल्यावर उतरते. माझा आक्षेप या मौनावर आहे. इंग्रजी प्रेक्षकासाठी काहीच बदलत नाही. मराठी प्रेक्षकाची वेलांटी जागा सोडते, आणि दोष कुठे आहे हे त्याला कळायचा मार्ग उरत नाही.

उजवीकडून चालणाऱ्या लिप्यांत प्रकरण याहून खोल जाते. हिब्रू वाक्याच्या शेवटी पूर्णविराम आहे असे समजा. पूर्णविरामाला स्वतःची दिशा नसते. तो ओळीच्या मूळ दिशेप्रमाणे जागा घेतो. प्लेअरने ती दिशा डावीकडून उजवीकडे धरली, तर शेवटचा ठिपका उजव्या टोकाला, म्हणजे वाचणाऱ्याच्या दृष्टीने वाक्याच्या आरंभी दिसतो. यावर सबटायटल करणाऱ्यांनी तोडगा काढला: फाइलमध्येच ठिपका वाक्याआधी टाकायचा. चुकीच्या प्लेअरवर ओळ बरोबर दिसू लागली. पुढे दिशा नीट ओळखणारे प्लेअर आले आणि त्याच फाइली त्यांच्यावर चुकीच्या दिसू लागल्या. आता सुधारलेला प्लेअरच बिघडलेला वाटतो!

त्या तोडगेबाजांना मी नावे ठेवणार नाही. समोर प्रेक्षक बसलेला होता आणि चित्रपट त्याच रात्री दाखवायचा होता. पण किंमत मजकुराने मोजली. ती फाइल आता केवळ पडद्यासाठी उरत नाही. तिच्यात शब्द शोधले जातात, तिच्यावरून दुसऱ्या भाषेत अनुवाद होतो, दृष्टिहीन प्रेक्षकासाठी ती यंत्राकडून वाचून घेता येते. या सगळ्यांना ठिपका वाक्याच्या चुकीच्या टोकाला मिळतो. दिसणे सुधारण्यासाठी लिहिलेले बिघडवले, असा हा व्यवहार आहे.

मराठीतही तोच मोह होतो. आडवा रकार तुटक दिसतो म्हणून 'दुसऱ्या' ऐवजी 'दुसर्या' लिहून मोकळे व्हायचे, किंवा ती ओळच बदलायची. असे केले की दोष प्लेअरमधून उठून भाषेत मुक्कामाला येतो, आणि पुढच्या वाचकाला ते आपलेच शुद्धलेखन वाटते.

म्हणून माझा आग्रह साधा आहे. फाइलमध्ये मजकूर बोलला जातो त्याच क्रमाने आणि पूर्ण शुद्ध असावा. जुळणी आणि दिशा प्लेअरने सांभाळावी. जमत नसेल तर त्याने तसे सांगावे. आणि प्लेअर तपासताना एक ओळ जरूर चालवावी: 'आचार्यांनी आचाऱ्याला किती पैसे दिले?' या एका ओळीत रफार आहे, आडवा रकार आहे आणि वेलांटीही आहे. ती नीट उमटली नाही, तर लिपीला जटिल म्हणण्याआधी प्लेअरला अपुरा म्हणायला आपण शिकले पाहिजे.