मोक्षपट कोणी काढला ते राहू द्या, खेळतात कसा ते बघा

सापशिडी ज्ञानेश्वरांनी शोधली, हे वाक्य तुम्ही नक्की वाचलंय. आषाढीच्या आसपास ते मोबाइलवर फिरतं, सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत येतं, आणि माझ्याकडे 'जरा नजर टाक' म्हणून आलेल्या दोन संशोधन आराखड्यांत ते पहिल्याच परिच्छेदात होतं. सोबत गोष्ट असते: निवृत्तिनाथ आणि ज्ञानदेव भिक्षेला जात, तेव्हा मागे राहिलेल्या सोपान-मुक्ताईचा वेळ जावा म्हणून मोक्षपट तयार झाला. गोष्ट गोड आहे. नाशिककरांना तर जवळचीच, निवृत्तिनाथांची समाधी इथून तासाभरावर, त्र्यंबकेश्वरी. पण आराखड्यात ती 'सर्वज्ञात आहे की' अशी सुरू झाली, की मुलाखतीत पहिला प्रश्न तिथेच येणार हे धरून चाला.

अडचण साधी आहे. ज्ञानेश्वरांची समाधी 1296 ची. आज संग्रहालयांत आणि खासगी संग्रहांत जे जुने पट दिसतात, ते बहुतेक अठराव्या-एकोणिसाव्या शतकातले. मधे चार शतकांहून मोठी पोकळी. कापड कुजतं, कागदाला वाळवी लागते, त्यामुळे जुना पट मिळाला नाही म्हणजे तो नव्हताच, असं म्हणता येत नाही. पण तेवढ्यावर तो होता असंही म्हणता येत नाही. इथे भक्ती आडवी येत नाही, आळस येतो. या गोष्टीवर खरोखर काम करायचं असेल तर विचारा, की ती पहिल्यांदा लिहिली कुठे गेली? नामदेवांच्या नावावरचे चरित्रपर अभंग, महिपतींचा 1762 चा 'भक्तविजय', मग छापील संतचरित्रं, मग वर्तमानपत्रं, असं एकेक पायरी उतरत या. हा प्रश्न ग्रंथालयात बसून सुटण्यासारखा आहे. 'कोणी शोधला' हा नाही.

आता चांगल्या लेखनाकडे येऊ, कारण टीका वाईट लेखनावरच करायची असते असं नाही. या विषयात सगळे ज्याच्यापासून सुरुवात करतात तो अँड्र्यू टॉप्सफील्ड यांचा 1985 चा लेख, 'आर्टिबस एशिए' या नियतकालिकातला. टॉप्सफील्ड कलेतिहासकार. जैन पट साधारण 84 घरांचे, वैष्णव 72 घरांचे, शिवाय सूफी धाटणीचे वेगळे, ही विभागणी आपण आज सहज वापरतो, त्यामागे अशा लोकांची चिकाटी आहे. पण लेख वाचताना पट भिंतीवर टांगलेला वाटतो. कुठल्या घराला काय नाव, कुठला साप कुठे उतरतो, हे सगळं मिळतं. चार माणसं त्याभोवती बसली की काय होतं, ते फार कमी. जेकब श्मिट-मॅडसेन यांचा 2019 चा कोपनहेगन विद्यापीठातला प्रबंध नेमका पश्चिम भारतातल्या पटांवर आहे आणि शीर्षकातच 'खेळणं' घेऊन येतो. तो आधी वाचा, टॉप्सफील्ड नंतर. (सगळा वाचायची गरज नाही. प्रबंध कसा बांधलाय ते बघायला अनुक्रमणिका आणि पहिलं प्रकरण पुरे.)

खेळण्याने नक्की काय कळतं, ते एका उदाहरणाने सांगते. 72 घरांचा पट आज सगळ्यात सहज मिळतो तो हरीश जोहरी यांच्या 'लीला' या इंग्रजी पुस्तकामुळे. त्यात फासा वापरतात आणि सहा पडल्याशिवाय सोंगटी जन्माला येत नाही. मराठी मोक्षपटाच्या वर्णनांत मात्र सहा कवड्या येतात. द्वारकाजवळच्या आमच्या खोलीवर आम्ही चौघांनी पट छापून घेतला, भद्रकालीतून कवड्या आणल्या, आणि फाशाऐवजी त्याच टाकल्या. उताण्या पडतील तेवढं दान. अर्ध्या तासात एकच जण जन्माला आला. बाकीचे चहा पीत पूर्वजन्मीच्या पापांवर बोलत होतो.

कारण कागदावर मांडलं की लगेच दिसतं. फाशावर सहा पडण्याची शक्यता सहात एक. सहाच्या सहा कवड्या उताण्या पडण्याची, चौसष्टात एक. (प्रत्येक कवडी उताणी-पालथी सारखीच पडते असं धरलंय, खरी कवडी तशी वागेलच असं नाही.) उलट दोन, तीन, चार ही मधली दानं मिळून फाशावर 50 टक्के वेळा पडतात, कवड्यांवर 78 टक्के. म्हणजे 'सहा पडल्यावर जन्म' हा नियम फाशाचा आहे, या मोजणीच्या कवड्यांचा असणं अवघड. पट तोच, नुसतं दान बदललं, तर खेळ दुसरा होतो.

आणखी पुढे. या पटावर जिंकायचं घर शेवटचं नाही. वैकुंठ 68 वर आहे. ते ओलांडून पुढे गेलात तर 72 वर तमोगुण, आणि तिथला साप तुम्हाला 51 वर, पृथ्वीवर आणून टाकतो. शंभरावर संपणाऱ्या इंग्रजी सापशिडीत ही कल्पनाच उरली नाही. तिथे पुढे जाणं म्हणजे चांगलंच. आता 51 वरून बघा. 54 वर भक्ती, तिची शिडी थेट 68 ला. लगेच पुढे 55 वर अहंकाराचा साप. म्हणजे हवं आहे तीनचं दान. फाशावर ते 17 टक्के, कवड्यांवर 31 टक्के, आणि कवड्यांवर तीन हेच सगळ्यात जास्त वेळा पडणारं दान. वैकुंठ हुकलेल्या माणसाला कवड्या परत भक्तीकडे ढकलतात! आमच्यातला एक जण तर दोनदा फिरून तिथेच आला, आणि दुसऱ्यांदा एक कवडी जास्त उताणी पडून अहंकारात गेला.

इथे हात आवरा. 'पट करणाऱ्याने हे मुद्दाम योजलं' असं लिहायचा मोह होतो, आणि ज्ञानेश्वरांचं वाक्य जसं तयार झालं तसंच आणखी एक तयार होतं. आपल्या हाती काय आहे? उत्तरेकडच्या वैष्णव परंपरेतला, विसाव्या शतकात छापलेला पट, आणि मराठी वर्णनातल्या कवड्या. दोन्ही एकत्र खेळले जात होते का, हे या हिशोबातून कळत नाही. हिशोबातून फक्त शोधायला एक जागा मिळते: ज्या पटासोबत सहा कवड्यांचे नियम लिहिलेले आहेत, त्यावर जिंकायचं घर शेवटी आहे की मधे, आणि मधे असेल तर पुढे गेलेल्याला साप कुठे नेतो?

पुण्यात रा. चिं. ढेरे यांच्या संग्रहात मराठी मोक्षपट मिळाले आहेत. तुम्हाला यावर आराखडा लिहायचा असेल तर तिथून सुरुवात करा, आणि पटाचा फोटो घेताना कडेचा मजकूरही घ्या. दानाचे नियम लिहिलेलेच असतील तर ते बहुतेक तिथेच सापडतील, आणि चित्र छान यावं म्हणून कापला जातो तो भागही नेमका तोच.