देवाचे राज्य आणि देवावाचून राज्य

अलीकडे नारदाच्या गादीवरून एक वाक्य वारंवार कानी येते. राज्य धर्माचेच असले पाहिजे. तसे नसेल तर उद्या नास्तिकांचे राज्य येईल आणि आपली मंदिरे बंद पडतील. श्रोते टाळ्या देतात. सांगणाऱ्या तरुण कीर्तनकारांचा पाठ चांगला, गळा चांगला, हेतूही वाईट नसतो. परंतु पूर्वपक्ष नीट मांडल्यावाचून सिद्धांत सांगू नये, ही आपली रीत. येथे राज्याचे दोनच प्रकार आहेत असे गृहीत धरून एकाच्या भयाने दुसरा गळ्यात बांधला जातो. म्हणून दोन्हींची परीक्षा शांतपणे करावी, एवढाच या लेखाचा हेतू.

या परीक्षेला डहाणू-तलासरीइतकी सोयीची जागा क्वचित सापडेल. तलासरीच्या पाड्यापाड्यावर तो लाल बावटा फडकतो, ज्याच्या पोथीत देवाला स्थान नाही. आणि डहाणू, घोलवड, बोर्डीच्या चिकूवाड्यांत पारशी-इराणी कुटुंबे नांदतात, ज्यांच्या पूर्वजांनी दुसऱ्यांच्या धर्मसत्तेखाली दिवस काढून शेवटी हा किनारा गाठला. दोन्ही प्रश्न आपल्या उंबऱ्याशी आहेत.

आधी नास्तिक राज्य पाहू. त्याला सवलत देण्याचे कारण नाही. अल्बानिया हा युरोपातला लहानसा देश. १९६७ साली तेथील कम्युनिस्ट राज्याने चर्च, मशिदी, मठ सगळे बंद केले. १९७५ साली हुकूम निघाला की राज्याच्या विचाराला न शोभणारी नावे लोकांनी बदलावीत. १९७६ च्या राज्यघटनेत, राज्य कोणताही धर्म मानत नाही, असे कलमच घातले. एका बाळाचा बाप्तिस्मा केला म्हणून एका वृद्ध धर्मगुरूला देहदंड झाला. आपल्या घरातल्या ज्ञानोबाला आणि तुकारामाला कोणी सांगावे की नाव बदल, नाहीतर शिक्षा होईल, तसेच हे. रशियात १९३१ साली मॉस्कोचे भव्य ख्रिस्तमंदिर सुरुंग लावून पाडले. त्याच शहरात लेनिनचा देह मात्र १९२४ पासून मसाले भरून जपला आणि त्याच्या दर्शनाला रांगा लागल्या. देव नाही म्हणणाऱ्यांनाही गाभारा लागलाच.

येथवर आमच्या तरुणांचे म्हणणे खरे आहे. नास्तिक राज्य भाविकाला छळते. पण म्हणून धर्माचे राज्य भाविकाला सुखाचे, हे कशावरून?

जवळचेच उदाहरण घ्या. गोव्यात पोर्तुगीजांच्या राज्यात १५६० साली धर्मन्यायालय बसले, ते मध्ये काही वर्षांचा खंड वगळता १८१२ पर्यंत चालले. त्याच पोर्तुगीजांचे दमण आमच्या तलासरीहून फार लांब नाही, आणि वसईही १७३९ पर्यंत त्यांच्याकडेच होती. ते राज्य नास्तिकांचे नव्हते. देवाच्या नावानेच ते चालले होते. त्या न्यायालयाच्या १७३६ च्या फर्मानाने हिंदू चालीरीतींवर बंदी घातली. तीत घरी-अंगणी तुळस लावू नये, हेही होते. अल्बानियाने नाव काढून घेतले, गोव्याने तुळस. घेणारा एक देव न मानणारा, दुसरा देवासाठी म्हणून घेणारा. ज्याच्या अंगणातून तुळस गेली, त्याला या फरकाचा काय उपयोग?

दुसरे उदाहरण तर याहून शिकवणारे आहे. तलासरीची हद्द ओलांडली की संजाण लागते. इराणातून आलेले पारशी प्रथम तेथे उतरले आणि तेथल्या हिंदू राजाने त्यांना आसरा दिला, असे त्यांची परंपरा सांगते. पुढे संजाण पडले, तेव्हा त्यांनी आपला पवित्र अग्नी आमच्या डहाणू तालुक्यातल्या बहारोटच्या गुहांत नेला आणि बारा वर्षे तेथे जपला. आज तो अग्नी उदवाड्यास आहे. मागे इराणात राहिलेल्या त्यांच्या बांधवांना जिझिया भरावा लागे. माणेकजी लिमजी हातारिया या मुंबईकर पारशी गृहस्थाने वर्षानुवर्षे खटपट केली तेव्हा १८८२ साली तो उठला. तेथील जाच आणि दारिद्र्य यांना कंटाळून जी कुटुंबे इकडे आली, त्यांना आपण इराणी म्हणतो. डहाणूच्या चिकूच्या वाड्यांत त्यांचा घाम आहे.

परंतु कथा येथे संपत नाही. इराणात याच अग्निपूजकांचे राज्य होते तेव्हा काय होते? तिसऱ्या शतकात कर्तीर नावाचा त्यांचा बलाढ्य धर्माधिकारी होऊन गेला. त्याने खडकावर लेख कोरून ठेवला आहे, आणि राज्यातल्या ज्यू, बौद्ध, ब्राह्मण, ख्रिस्ती या सर्वांना आपण कसा तडाखा दिला, हे त्यात अभिमानाने सांगितले आहे. ज्या धर्मसत्तेने ब्राह्मणांना मारले, तिच्याच वंशजांना पुढे हिंदू राजाच्या दारी आसरा मागावा लागला. यात पारशी माणसाचा दोष काढायचा नाही. तो आपला गुणी शेजारी आहे. सांगायचे ते एवढेच की दोष धर्माचा नसतो, दंडाचा असतो. दंड हाती आला की कोणताही धर्म कर्तीर होतो. आजच्या इराणात १९७९ पासून पुन्हा धर्मगुरूंचे राज्य आहे. तेथे निवडणुका होतात, पण उमेदवार कोण असावा हे बारा जणांची परिषद आधी ठरवते. झरथुष्ट्री समाजाला संसदेत एक राखीव जागा आहे. राष्ट्राध्यक्ष मात्र त्यांच्यापैकी कोणाला होता येत नाही.

कोणी म्हणेल, ते परधर्म. आपला धर्म तसा नाही. मग आपल्या संतांची चरित्रे आठवा. ज्ञानदेवांच्या मातापित्यांना वाळीत कोणी टाकले? तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत कोणामुळे गेल्या? चोखोबांना महाद्वाराबाहेर कोणी ठेवले? यांपैकी एकही नास्तिक नव्हता. सगळे शास्त्र जाणणारे, संध्या करणारे होते. पंढरीचे दार सर्वांसाठी उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपोषण करावे लागले. ते दारही कोणा देव न मानणाऱ्याने लावलेले नव्हते. या साऱ्या काळात राजा कोणीही असो, शिक्षा करण्याचा अधिकार धर्मपीठाकडे होता, आणि तेवढ्यानेच एवढे झाले.

शिवछत्रपतींचे नाव येथे हटकून घेतले जाते. महाराज धर्मनिष्ठ होते यात शंका नाही. पण त्यांनी प्रजेच्या देव्हाऱ्यावर पहारा बसवला नाही. खाफीखानासारख्या शत्रुपक्षाच्या लेखकालाही लिहावे लागले की ते कुराणाचा मान राखीत. आणि महाराजांनी पाठवलेला नजराणा तुकोबांनी परत केला, असे परंपरा सांगते. राजा सज्जन असतानाही संत सिंहासनापासून हातभर दूर राहिला, हे आमचे तरुण कीर्तनकार सांगत का नाहीत?

आता तलासरीकडे वळू. गोदावरीबाई परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक १९७० साली निघाले आणि १९७२ चा साहित्य अकादमीचा पुरस्कार त्याला मिळाला. भाविकांनी ते वाचावे असे मी म्हणतो, तेव्हा काही जण नाक मुरडतात. पण त्यात या मातीचे सत्य आहे. वारली माणूस जमीनदाराकडे वेठीला फुकट राबे. लग्नासाठी कर्ज घेतले की नवरा-बायको दोघे सावकाराची जन्माची गडी होत. त्याला लग्नगडी म्हणत. २३ मे १९४५ रोजी, तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातील झरी गावी वारल्यांची मोठी सभा भरली आणि वेठ करायची नाही असे ठरले. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाडा येथे गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि त्याचे सोबती पडले. वेठ घेणारे जमीनदार हिंदू होते, पारशी-इराणी होते, मुसलमान होते. प्रत्येकाच्या घरी आपापल्या देवापुढे दिवा लागत असे. त्या दिव्याने वेठ दिसली नाही. ती देव न मानणाऱ्या बाईला दिसली. भाविकाने हे खाली मान घालून ऐकले पाहिजे.

बाईंच्या पक्षालाही एक प्रश्न विचारला पाहिजे. ज्या सोव्हिएत राज्याला तो पक्ष आदर्श मानीत होता, तेथे शेतकऱ्याला झरीसारखी सभा घेऊन ‘नाही’ म्हणता आले असते काय? आले नसते. येथे लाल बावट्याने कोणाचा देव हिरावला नाही. वारल्यांच्या लग्नात पालघटाचा चौक लिहिला जातो, धवलेरी लग्न लावते, आणि चैत्रात विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या डोंगरावर आदिवासी पुजाऱ्याच्या हातून ध्वज चढतो. याचे कारण बावट्याची पोथी निराळी होती हे नव्हे. येथे त्याला मते मागावी लागतात. डहाणूच्या मतदारांनी २०१४ साली त्याला उतरवले, २०१९ साली पुन्हा चढवले. ज्याला उतरवता येते, तो राज्यकर्ता आस्तिक असो वा नास्तिक, माणसाच्या देव्हाऱ्यात शिरायला भितो.

सिद्धांत हा की नाम हे वेठीने घ्यायचे नसते. राज्याच्या हुकमाने घेतलेले नाम वेठ होते, आणि राज्याच्या भयाने टाकलेले नामही वेठच. भाविकाला मात्र यांतले पहिले अधिक घातक. नास्तिक राज्य मंदिराला कुलूप लावते, पण हृदयातली भक्ती झाकून राहते. अल्बानियात १९९० साली बंदी उठताच लोक पुन्हा प्रार्थनेला जमले. धर्माचे राज्य मंदिर उघडे ठेवते आणि आत येणाऱ्यांत भक्त कोण आणि भ्यालेला कोण, हे कळेनासे करते. कर्तीरचे साम्राज्य बुडाले. बहारोटच्या गुहेत निराश्रितांनी जपलेला अग्नी राहिला.

आपल्या घटनेच्या २५ व्या कलमाने प्रत्येकाला सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य दिले आहे. उद्देशिकेत धर्मनिरपेक्ष हा शब्द आहे, तो ऐकला की काहींना अपमान वाटतो. पण निरपेक्ष म्हणजे वैरी नव्हे. निरपेक्ष म्हणजे अपेक्षा न ठेवणारा. आपण तर तो शब्द संतांच्या वर्णनात वापरतो. राज्याने आपल्या भक्तीकडून काही अपेक्षू नये आणि आपण राज्याच्या काठीची अपेक्षा करू नये. दिंडीत वीणेकऱ्याच्या हाती वीणाच असते, आणि त्याच्या मागून लाखो लोक आपल्या पायांनी चालतात. तरुण कीर्तनकारांनी पुढच्या वेळी गादीवर उभे राहताना एवढे श्रोत्यांना सांगावे, ही विनंती.

रामकृष्णहरी.