बारा वृद्धांचे घर : ट्रॉलोपकृत ‘द वॉर्डन’

आपल्या वाङ्मयात वार्धक्याचे दुःख बहुधा मुलांच्या दारात उभे केलेले आढळते. कुसुमाग्रजांच्या ‘नटसम्राटा’तील अप्पासाहेब बेलवलकर घ्या, की जयवंत दळवींच्या ‘संध्याछाये’तील नाना-नानी घ्या, म्हातारपण म्हणजे मुलगा, सून व लेक यांच्याशी असलेल्या नात्याची कसोटी, हेच सूत्र तेथे प्रधान आहे. आपल्या कुटुंबव्यवस्थेत ते स्वाभाविकही होय. परंतु त्यामुळे एक प्रश्न अस्पर्शित राहतो. ज्यांचा परस्परांशी रक्ताचा संबंध नाही असे वृद्ध एका छपराखाली राहू लागले, तर त्यांच्यात स्नेह कशाने जडतो आणि कशाने मोडतो? आपल्या शहरांभोवती वृद्धाश्रम व ज्येष्ठांच्या वसाहती उभ्या राहत असता हा प्रश्न आता घरोघरच्या चर्चेचा झाला आहे. म्हणूनच ॲन्थनी ट्रॉलोप या इंग्रज कादंबरीकाराने १८५५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘द वॉर्डन’ या छोटेखानी कादंबरीकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते.

ट्रॉलोप हा टपालखात्यातील अधिकारी. सॉल्झबरीच्या प्रार्थनामंदिराभोवती उन्हाळ्यातील एका संध्याकाळी हिंडत असता आपणांस ही कथा सुचली, असे त्याने आत्मचरित्रात नमूद केले आहे. कथा घडते ती बार्चेस्टर या कल्पित गावी. हायरम नावाच्या लोकरीच्या व्यापारात सधन झालेल्या गृहस्थाने १४३४ साली मृत्युपत्र करून बारा थकलेल्या कामकऱ्यांसाठी आश्रम काढला व त्यास जमिनी लावून दिल्या. चार शतकांत त्या जमिनींवर घरे उठली, भाडे वाढले. आणि वाढलेले सारे उत्पन्न आश्रमाच्या अधीक्षकाच्या पदरी पडू लागले. अधीक्षक हार्डिंग यांस वर्षाला ८०० पौंड. वृद्धांस मात्र दररोज माणशी १ शिलिंग ४ पेन्स. हार्डिंग हे मनाचे इतके मऊ, की त्यांनी स्वतःच्या खिशातून प्रत्येकास रोज २ पेन्स अधिक देण्यास आरंभ केला. पुढे जॉन बोल्ड नावाचा तरुण सुधारक न्यायाचा प्रश्न उपस्थित करतो, एक बलाढ्य वृत्तपत्र त्या आगीत तेल ओततो, आणि आश्रमाची शांती कायमची भंगते.

या कथेकडे धर्मसंस्थेतील गैरव्यवहाराची कथा म्हणून पाहण्याची रीत आहे. आम्हांस ती मुख्यतः एका सहजीवनाच्या विघटनाची कथा वाटते. आरंभीचे एक चित्र पाहा. हार्डिंग बागेत बसून चेलो वाजवीत आहेत व म्हातारे भोवती बसून ऐकत आहेत. त्यांपैकी बहुतेकांस संगीतातील काही कळत नाही. परंतु या जागी असण्याचा त्यांस आनंद आहे, म्हणून वाजविणाऱ्यासही आनंद व्हावा एवढ्यासाठी ते रस असल्याचे दाखवितात. वरवर पाहता हा विनोद आहे. परंतु उतारवयात नव्याने जोडलेल्या माणसांचे सख्य अशाच लहानशा सौजन्यावर उभे असते. तेथे बालपणाच्या समाईक आठवणी नसतात, नात्याचे बंधन नसते. एकाने वाजवावे व दुसऱ्याने ऐकावे, एवढेच भांडवल असते.

हे भांडवल एका अर्जाने संपते. एबल हँडी हा पूर्वीचा पाथरवट इतरांस वर्षाला शंभर पौंडांची आशा दाखवितो. कागदावर नावाऐवजी फुल्या मारताना कित्येकांचे हात अडखळतात. जॉब स्कल्पिटची चलबिचल तर लेखकाने फार बारकाईने टिपली आहे. हार्डिंगचा एकनिष्ठ स्नेही बन्स त्यांची कानउघाडणी करतो आणि एका अंगणात राहणारी माणसे दोन तटांत विभागली जातात.

येथेच ट्रॉलोपशी आमचा मतभेद आहे. बन्सच्या निष्ठेस तो जितक्या आदराने वागवितो, तितक्या आदराने इतरांच्या आकांक्षेस वागवीत नाही. त्यांच्या मागणीत त्याला लोभ व अज्ञान एवढेच दिसते. परंतु आयुष्यभर दुसऱ्याच्या हाताखाली राबलेल्या माणसास अखेरची वर्षे आपल्या हक्काच्या पैशावर काढावीशी वाटली, तर ती कृतघ्नता कशी? हार्डिंगचे २ पेन्स हा स्नेह खरा, पण तो देणाऱ्याचा स्नेह आहे. घेणाऱ्यास त्यात मान खाली घालावी लागते. बन्सला मित्र म्हणून जवळ बसता येते, कारण तो आपली पायरी कधीच विसरत नाही.

नवल हे, की लेखकास न दिसलेली ही गोष्ट त्याच्या नायकास दिसते. दावा मागे घेतला जातो, कायदा हार्डिंगच्या बाजूचा ठरतो, आणि तरीही ते राजीनामा देतात. ‘हे द्रव्य खरोखर माझे आहे काय?’ ही शंका एकदा मनात शिरल्यावर त्या वृद्धांमध्ये पूर्वीसारखे बसणे त्यांस शक्य होत नाही. लंडनमधील निष्णात वकिलासमोर ते हा निश्चय सांगतात, तेव्हा त्यांचे हात हवेतच चेलो वाजवीत असतात. भिडस्त माणसाच्या धैर्याचे इतके साधे चित्र क्वचितच आढळते.

निरोपाचा प्रसंग या पुस्तकाचा कळस होय. हार्डिंग सर्वांस बोलावून आपल्या हाताने मद्याचे पेले भरून देतात. मरणपंथास लागलेला जॉनी बेल येऊ शकत नाही, म्हणून ते त्याच्या बिछान्यापाशी जातात. तो मात्र एवढेच विचारतो, की आता ते शंभर पौंड मिळणार नाहीत काय? या एका प्रश्नात करुणाही आहे आणि लेखकाने न दिलेले उत्तरही आहे.

पुढे बिशप नवा अधीक्षक नेमीत नाहीत. शंभर पौंड येत नाहीत. २ पेन्स मात्र बंद होतात. बारांपैकी सहाजण जवळ कोणी स्नेही नसता मरतात, आणि बाग ओसाड पडते. यावरून ‘जुने होते तेच बरे होते’ असा बोध काढणे चुकीचे ठरेल. बोल्डचा प्रश्न न्याय्यच होता. परंतु न्याय मागणाऱ्या कोणासही त्या बारा जणांची नावे ठाऊक करून घेण्याची गरज वाटली नाही. वृत्तपत्रास विषय मिळाला, वकिलांस काम मिळाले. म्हाताऱ्यांचा सोबती गेला.

१८५७ च्या ‘बार्चेस्टर टॉवर्स’ या उत्तरकथेत आश्रमाची नवी व्यवस्था होते आणि क्विव्हरफुल हे अधीक्षक म्हणून येतात. वृद्धांनी नवागतास परका मानू नये म्हणून हार्डिंग स्वतः त्यांचा हात धरून त्यांस आश्रमात नेतात. वृद्धांच्या संस्था चालविणाऱ्यांनी, आणि आपल्या वडीलधाऱ्यांस तेथे ठेवू पाहणाऱ्यांनी, हे प्रकरण मुद्दाम वाचावे. हिशेब चोख हवा, आणि तो राहणाऱ्यांसमोर उघडा हवा. त्याविना तेथील स्नेह उपकाराच्या पातळीवरच राहील. पण हिशेब चोख झाल्यावरही संध्याकाळी बागेत येऊन कोणीतरी शेजारी बसावे लागते, आणि ते काम कोणत्याही मृत्युपत्रात लिहून ठेवता येत नाही.