मातेचा वारसा आणि कन्येचा नकार : इस्मत चुगताई व खदीजा मस्तूर यांच्या कथात्म साहित्याच्या संदर्भात

प्रास्ताविक

मराठीतील ‘वारसा’ आणि उर्दूतील ‘विरासत’ हे शब्द एकाच अरबी धातूतून आलेले आहेत. दोन्ही भाषांत त्यांचा पहिला अर्थ मालमत्तेशी निगडित आहे. इस्लामी कायद्यानुसार मुलगी ही निश्चित वारस असते. भावाच्या निम्मा असला तरी तिचा हिस्सा ठरलेला असतो. परंतु १९३७ च्या शरियत कायद्याच्या कक्षेतून शेतजमीन वगळण्यात आली होती, आणि त्या काळच्या जमीनदार घराण्यांची संपत्ती मुख्यतः जमिनीतच होती. त्यामुळे अशा समाजाचे चित्रण करणाऱ्या लेखिकांच्या साहित्यात आईकडून मुलीला नेमके काय मिळते, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. प्रस्तुत लेखात इस्मत चुगताई (१९१५–१९९१) यांची ‘चौथी का जोडा’ ही कथा आणि खदीजा मस्तूर (१९२७–१९८२) यांची ‘आंगन’ (१९६२) ही कादंबरी यांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

मापाचा वारसा

‘चौथी का जोडा’ ही कथा वर्गात बहुधा गरिबी आणि मुलींच्या लग्नाची समस्या एवढ्याच अंगाने शिकवली जाते. ते चूक नाही, परंतु अपुरे आहे. कथेतील बी अम्मा ही विधवा असून कापड बेतण्यात तिचा हात धरणारी मोहल्ल्यात दुसरी कोणी नाही. अपुरे पडणारे कापड तिच्या हाती आले की पुरते. बाळाचे कपडे, नवरीचा जोडा आणि मयताचे कफन या तिन्हींसाठी बायका तिच्याकडेच येतात. थोडक्यात, जन्म, लग्न आणि मृत्यू या तिन्ही प्रसंगांचे माप तिला ठाऊक आहे. मोठी मुलगी कुबरा हिच्या चौथीचा, म्हणजे लग्नानंतरच्या चौथ्या दिवशीच्या विधीचा, जोडा मात्र कामी येत नाही. कारण तिला स्थळच येत नाही.

पोलीस खात्याच्या प्रशिक्षणासाठी बी अम्माचा भाचा राहत घरी उतरतो आणि आशा जागी होते. त्याच्या खाण्यापिण्यासाठी बी अम्मा आपले दागिने विकते. येथे चुगताई यांची दृष्टी विशेष तीक्ष्ण आहे. आईजवळ मुलींना देण्याजोगी एवढीच चीजवस्तू होती. ती मुलींच्या अंगावर जाण्याऐवजी पाहुण्याच्या ताटात जाते आणि मुली कोरड्या भाकरीवर राहतात. एवढेच नव्हे, तर कुबराचे जुळावे म्हणून धाकटी हमीदा थट्टामस्करीसाठी पुढे केली जाते आणि शेवटी तिचाच बळी जातो. राहत दुसरीकडे ठरलेल्या आपल्या लग्नासाठी निघून जातो. कुबरा क्षयाने मरते. बी अम्मा पुन्हा ओसरीत कापड पसरून माप घेते, ते कफनाचे.

या आईला दोषी ठरवणे सोपे आहे आणि तिची कीव करणे त्याहून सोपे. कथा दोन्ही करू देत नाही. बी अम्माचे प्रेम तिच्या कौशल्याइतकेच खरे आहे. पण तिला तिच्या आईकडून जे मिळाले, त्यात मुलीला लग्नावाचून दुसरे भवितव्य बेतण्याचे मापच नव्हते. कुबरा हा वारसा मुकाट्याने स्वीकारते. हमीदा मात्र कथेची निवेदक आहे. घरात जे कोणी बोलले नाही ते ती सांगते. या सांगण्यातच वारसा नाकारण्याची पहिली खूण आढळते.

खानदानाचा वारसा

‘आंगन’मधील आई सर्वस्वी वेगळी आहे. तिच्याजवळ कसब नाही, खानदानाचा ताठा आहे. आत्याने कुळाबाहेर केलेल्या लग्नाचा मुलगा सफदर याचा ती मनापासून तिरस्कार करते. थोरली मुलगी तहमीना सफदरवर प्रेम करते आणि दुसरीकडे लग्न ठरल्यावर विष घेते. धाकटी आलिया हे सर्व पाहत मोठी होते. ती शिकते, फाळणीनंतर आईबरोबर पाकिस्तानात जाते, शिक्षिका होते आणि आईला सांभाळते.

कादंबरीच्या अखेरीस सफदर पुन्हा भेटतो. आईचा विरोध डावलून आलिया लग्नाला तयार होते. पण त्याला आता पूर्वीच्या ध्येयाऐवजी पैसा आणि सुखसोयी हव्या आहेत हे कळताच ती नकार देते. आई आणि मुलगी एकाच माणसाला नाकारतात, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. आईने त्याला कुळाच्या मापाने मोजले, मुलीने विचारांच्या. तथापि नकारातील करारीपणा आलियाला कोठून आला? तो आईकडूनच आला, असे म्हणावे लागते. मस्तूर हे उघड सांगत नाहीत. म्हणूनच आलियाची केवळ ‘बंडखोर नायिका’ अशी नोंद करणारी समीक्षा कादंबरीच्या गाभ्यापर्यंत पोहोचत नाही.

मराठीत विभावरी शिरूरकर यांच्या ‘कळ्यांचे निःश्वास’ (१९३३) या संग्रहात मिळवत्या मुलीच्या अविवाहितपणाचा प्रश्न येतो. तेथे मुलीची कमाई घराला हवी असते. बी अम्माच्या घरी मुलीच्या हातांना कमाईची वाटच दाखवलेली नाही. दोन्हीकडे मुलीच्या आयुष्याचा हिशेब घरच मांडते.

निष्कर्ष

या दोन कलाकृतींत मुलीच्या कायदेशीर हिश्शापेक्षा आईचे कसब, आईची भीती आणि आईचा ताठा हाच वारसा ठळक होतो. कुबरा तो पूर्ण घेते आणि संपते. आलिया तो पारखून घेते आणि उभी राहते, मात्र एकटी. महाविद्यालयात येणाऱ्या अनेक मुली आपल्या घरातील पहिल्या पदवीधर असतात, आणि त्यांच्या आयांनी शिवणकामावर फी भरलेली असते. त्यांच्यापुढे ही कथा शिकवताना आईला मागासलेपणाचे प्रतीक करून टाकणे अन्यायाचे होईल. बी अम्माच्या हातातील कौशल्य आणि तिच्या मापातील उणीव या दोन्ही गोष्टी एकत्र दाखवता आल्या, तरच चुगताई आणि मस्तूर यांचे खरे अध्यापन झाले असे म्हणता येईल.