पडद्यावरचे विज्ञान : काय पाहावे, कसे पाहावे

सुट्टी जवळ आली की शिक्षकांकडून हमखास विचारणा होते, "मुलांना दाखवण्याजोगे विज्ञानाचे काही सुचवा." यादी देणे सोपे आहे. पण पडद्यावर विज्ञान दिसले म्हणजे ते मुलांपर्यंत पोहोचले, असे होत नाही. काही वर्षांपूर्वी मी नववीच्या वर्गाला एक सुंदर लघुपट दाखवला. मुलांनी तो भान हरपून पाहिला. संपल्यावर मी विचारले, "काही शंका?" एकही हात वर झाला नाही. आधी समाधान वाटले, मग काळजी. तेव्हापासून निवडीची एकच कसोटी ठेवली आहे : पाहून झाल्यावर मुलांना वही-पेन्सिल हातात घ्यावीशी वाटते का? या कसोटीला उतरलेल्या तीन गोष्टी, त्यांच्या दोषांसह, येथे मांडतो.

दहाच्या पटीने प्रवास

वर्गात दाखवलेला तो लघुपट म्हणजे चार्ल्स व रे ईम्स या दांपत्याचा 'पॉवर्स ऑफ टेन' (१९७७). लांबी अवघी नऊ मिनिटे. निवेदन फिलिप मॉरिसन या भौतिकशास्त्रज्ञाचे. यामागची कल्पना मात्र एका शिक्षकाची आहे. हॉलंडमधील शिक्षणतज्ज्ञ केस बुके यांनी १९५७ साली 'कॉस्मिक व्ह्यू' हे छोटे पुस्तक काढले. त्यात शाळेसमोर मांजर घेऊन बसलेल्या मुलीपासून सुरुवात करून विश्वाच्या दोन्ही टोकांकडे प्रवास आहे.

लघुपटात शिकागोच्या तलावाकाठी सहलीला आलेले एक जोडपे दिसते. दृश्याची रुंदी एक मीटर, पाहणाऱ्याचे अंतरही एक मीटर. मग दर दहा सेकंदांनी अंतर दहापट होत जाते. शहर, पृथ्वी, सूर्यमाला, आकाशगंगा असे करत आपण दहाच्या २४व्या घाताइतके मीटर, म्हणजे सुमारे दहा कोटी प्रकाशवर्षे दूर जातो. तेथून भरभर परत येऊन हाताच्या त्वचेत, पेशीत आणि शेवटी कार्बनच्या अणुकेंद्रात शिरतो. एकूण ४० पायऱ्या. घातांकांचे कोष्टक फळ्यावर लिहून जे साधत नाही, ते येथे साधते : प्रत्येक पायरीला वेळ सारखाच लागतो, पण ओलांडलेले अंतर मात्र दहापट वाढते.

गणित येथेच सुरू होते. हा कॅमेरा प्रकाशाला कोठे मागे टाकतो, असे मुलांना विचारावे. आठव्या पायरीवरून नवव्या पायरीवर जाताना दहा सेकंदांत नऊ लाख किलोमीटर कापले जातात, म्हणजे सेकंदाला नव्वद हजार. प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातो, तेव्हा अजून तो पुढे आहे. त्यापुढच्याच पायरीला सरासरी वेग सेकंदाला नऊ लाख किलोमीटर होतो. चंद्र मागे पडल्यावर लगेचच हा प्रवास अशक्य होतो, हे मुले स्वतः शोधून काढतात.

लघुपटाचा खरा दोष मला एका विद्यार्थिनीने दाखवला. दुसऱ्या वर्षी मी तो पायरीपायरीने थांबवत दाखवला. अणूपाशी आल्यावर तिने विचारले, "सर, हा फोटो काढला कोणी?" प्रश्न नेमका होता. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी मीटरच्या एक कोटीव्या भागाच्या चार ते सात पट असते. त्याहून फारच लहान वस्तू प्रकाशाने दिसूच शकत नाही. तेथून पुढची चित्रे ही इतर पुराव्यांवरून काढलेली चित्रे आहेत, आणि अणूतल्या ठिपक्यांचे रंग तर केवळ सोयीचे. लघुपट छायाचित्र आणि कल्पनाचित्र इतके बेमालूम जोडतो की सांधा दिसत नाही. त्याचे सौंदर्य यातच आहे आणि धोकाही यातच. दाखवताना शिक्षकाने या सांध्यावर बोट ठेवावे. विश्वाचे दुसरे टोकही आता पुढे सरकले आहे. आज दृश्य विश्वाचा व्यास सुमारे ९३ अब्ज प्रकाशवर्षे मानतात, म्हणजे आणखी जवळजवळ तीन पायऱ्या.

चौकोनी डबा, गोल भोक

'अपोलो १३' (१९९५, दिग्दर्शक रॉन हॉवर्ड) हा एप्रिल १९७० मधील अपघातावरचा कथापट. ऑक्सिजनची टाकी फुटल्यावर तिघे अंतराळवीर चांद्रयानाचा आसरा घेतात. तेथे कार्बन डायऑक्साइड शोषणारे डबे गोल, तर मुख्य यानातले शिल्लक डबे चौकोनी. पिशव्या, पुठ्ठे, नळ्या आणि चिकटपट्टी यांनी ही जोडणी कशी केली, तो प्रसंग प्रत्येक प्रयोगशाळेत दाखवावा असा आहे. काही प्रसंग रंगवलेले आहेत आणि अनेक अभियंत्यांचे श्रम मोजक्या पात्रांत गोळा केले आहेत, तेवढे सांगून ठेवावे.

भौतिकशास्त्राच्या शिक्षकांना आणखी एक गोष्ट येथे मिळते. तरंगण्याची बरीच दृश्ये नासाच्या विमानात, ते अन्वस्त मार्गाने झेपावत असताना, पंचवीसेक सेकंदांच्या तुकड्यांत चित्रित झाली. विमान उडते त्या उंचीवर गुरुत्वाकर्षण अर्ध्या टक्क्यानेही कमी नसते. मग माणसे तरंगली कशी? "अवकाशात गुरुत्व नसते" हा पक्का बसलेला गैरसमज हलवायला इतके चांगले उदाहरण मला दुसरे सापडलेले नाही.

खेळ, पण हिशेबाचा

तिसरी शिफारस संगणकावरच्या खेळाची आहे, म्हणून काहींच्या कपाळाला आठ्या पडतील. 'कर्बल स्पेस प्रोग्रॅम' मेक्सिकोत तयार झाला. २०११ मध्ये तो प्रथम उपलब्ध झाला आणि २०१५ मध्ये पूर्ण झाला. हिरव्या बुटक्यांसाठी अग्निबाण बांधायचा आणि कक्षेत न्यायचा. पहिले दहाबारा बाण कोसळतातच. का कोसळले हे शोधल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

पुढे गेलेल्या यानाला गाठायचे तर वेग वाढवावा, असे सर्वांना वाटते. वाढवला की आपली कक्षा उंचावते आणि आपण मागेच पडतो. १९६५ साली जेमिनी-४ मध्ये जेम्स मॅकडिव्हिट यांनाही हाच अनुभव आला होता.

खेळातली तडजोडही अभ्यासाला चांगली. कर्बिन या ग्रहाची त्रिज्या ६०० किलोमीटर, गुरुत्व मात्र पृथ्वीइतके. घनता काढा : पाण्याच्या जवळजवळ ५८ पट येते. ऑस्मियम या सर्वांत घन धातूची घनता साडेबावीसपट आहे! शिवाय यानावर एका वेळी एकाच गोलाचे आकर्षण धरले जाते. त्यामुळे ट्रोजन लघुग्रहांसारखी तीन वस्तूंची कहाणी येथे घडत नाही.

वर्गात करताना एकच पथ्य पाळावे. नऊ मिनिटांच्या लघुपटाला पूर्ण तास द्यावा. आधी अंदाज लिहून घ्यावा, मधे थांबावे, आणि "हे कशावरून?" असे विचारण्याची मुभा मुलांना द्यावी. मोठा पडदा नसेल तर एखादा साधा संगणक पुरतो. त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर मला त्या दिवशी देता आले नव्हते. आम्ही सर्वांनी मिळून ते पुढच्या तासाला शोधले, आणि तो तास वर्षातला सर्वांत चांगला झाला.