ऑब्लिव्हियस ट्रान्सफर: वेगाचा हिशेब

एकाकडे दोन संदेश आहेत. दुसऱ्याला त्यांतला एक हवा आहे, पण कोणता ते कळू द्यायचे नाही. आणि पहिल्याला एकापेक्षा जास्त काही द्यायचे नाही. ऑब्लिव्हियस ट्रान्सफर, म्हणजे ओटी, ही एवढीच देवघेव. मायकेल राबिनने १९८१ मध्ये तिचे पहिले रूप मांडले. दोनांतून एक निवडण्याचे रूप एव्हन, गोल्डरीच आणि लेम्पेल यांचे. १९८८ मध्ये किलियनने दाखवून दिले की, ओटी हाताशी असेल तर दोघांना आपापली माहिती झाकून ठेवून कोणतेही गणित मिळून सोडवता येते. तेव्हा प्रश्न उरला तो खर्चाचा, कारण अशा एका गणिताला लाखो ओटी लागू शकतात.

एका ओटीचा खर्च किती खाली आला, हे चौ आणि ओरलांडी यांच्या २०१५ च्या प्रोटोकॉलमध्ये पाहावे. ग ही दोघांना ठाऊक असलेली ठरलेली संख्या. प्रेषक गुप्त संख्या क घेतो आणि ग चा क-वा घात पाठवतो. त्याला अ म्हणू. ग्राहकाची गुप्त संख्या ख. पहिला संदेश हवा असेल तर तो ग चा ख-वा घात पाठवतो, दुसरा हवा असेल तर त्यालाच अ ने गुणून. प्रेषकाला दोन्ही सारखेच दिसतात. आलेल्या संख्येचा क-वा घात घेऊन तो एक किल्ली बनवतो, आणि त्याच आलेल्या संख्येला आधी अ ने भागून, मग तसेच करून, दुसरी. ग्राहकाला यांतली एकच काढता येते. इतके सुटसुटीत, की मोह व्हावा. पण लेखकांनी दावा केलेली भक्कम सुरक्षितता सिद्धतेतून निघत नाही, हे दोनच वर्षांत उघड झाले.

खरी झेप त्याआधीची, २००३ ची. ईशाई, किलियन, निसीम आणि पेट्रँक यांनी १२८ महागड्या ओटींच्या भांडवलावर, नुसत्या हॅशच्या जोरावर, हव्या तितक्या स्वस्त ओटी काढून दाखवल्या. युक्ती अशी: दोघांच्या भूमिका उलटवून एक मोठा तक्ता स्तंभागणिक पाठवायचा आणि ओळीगणिक वाचायचा. २०१३ मध्ये आशारोव्ह आणि सहकाऱ्यांनी मोजमाप केले, तेव्हा कूटशास्त्रापेक्षा हा तक्ता उलटवणेच वेळखाऊ निघाले. तेही त्यांनी सुधारले. मग अडचण उरली जाळ्याची, म्हणजे नेटवर्कवरच्या भाराची. दर ओटीला १२८ बिट, म्हणजे दहा लाखांना १६ मेगाबाइट.

२०१९ च्या ‘सायलेंट’ ओटीने हा भार जवळजवळ पुसला. २०२० च्या फेरेट या सायलेंट प्रोटोकॉलमध्ये तो दर ओटीला अर्ध्या बिटाहूनही कमी झाला. बदल्यात एलपीएन या गृहीतकावर (चुका मिसळलेली रेषीय समीकरणे सोडवणे अवघड आहे, यावर) विसंबावे लागते, आणि ती समीकरणे ज्यातून येतात त्या, वेगासाठी निवडलेल्या संकेतावलीवरही (कोडवरही). २०२१ च्या सिल्व्हर या सायलेंट ओटीने तिथेच मार खाल्ला: तिची संकेतावली कच्ची असल्याचे २०२३ मध्ये दिसले. तक्त्याच्या युक्तीवर बेतलेल्या, केलर, ओरसिनी आणि शॉल यांच्या २०१५ च्या गाजलेल्या प्रोटोकॉलच्या सिद्धतेतही लॉरेन्स रॉयने २०२२ मध्ये खोट काढली. ती पुढे दुरुस्त झाली.

या क्षेत्रात वेगाचे आकडे पहिल्या पानावर येतात आणि सिद्धता परिशिष्टात जाते, ही खोड जुनीच. माझ्या मते आज नवे काही बांधणाऱ्याने रॉयचीच सॉफ्टस्पोकन ओटी घ्यावी: ती थोडे जास्त गणित करून जाळ्यावरचा भार निम्म्यावर किंवा त्याहून खाली आणते आणि एलपीएनच्या भानगडीत पडत नाही. जाळे फारच महाग असेल तरच सायलेंटकडे वळावे, तेही जुन्या, तावून सुलाखून निघालेल्या संकेतावलीसह. सिल्व्हर वापरू नये.