देवदूत हा शब्द नसलेले जग : जादूची शाळा, ख्रिस्ती अद्भुतकथा आणि मराठी वाचक

एल. जागी लॅम्पलायटर यांच्या 'द अनएक्स्पेक्टेड एन्लायटनमेंट ऑफ रेचल ग्रिफिन' (२०१३) या इंग्रजी कुमार-कादंबरीचा मराठी वाचकाच्या बाजूने विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. हॅरी पॉटरच्या मराठी अनुवादांमुळे जादूची शाळा आपल्या मुलांना परकी राहिलेली नाही. त्याच मालिकेवर अमेरिकेत धार्मिक कारणांनीही आक्षेप घेतले गेले. २००० ते २००९ या दशकात सर्वाधिक आक्षेप आलेली पुस्तके म्हणून तेथील ग्रंथालय संघटनेने तिची नोंद केली आहे. जादूटोणा बायबलला निषिद्ध. मग श्रद्धावान ख्रिस्ती लेखकाने जादूची शाळा रंगवावी कशी? सी. एस. लुईस यांनी 'द सिल्व्हर चेअर' (१९५३) मध्ये शाळा साधीच ठेवली. दांडगट मुलांना चुकवून पळणारी दोन मुले भिंतीतल्या दारातून अद्भुत जगात जातात. लॅम्पलायटर यांनी उलट केले. जादू शाळेच्या आत आणली आणि श्रद्धेची ओळखच बाहेर ठेवली.

तेरा वर्षांची रेचल रोआनोक अकादमीत जादू शिकण्यास येते. वाचलेले प्रत्येक पान तिला जसेच्या तसे आठवते. जंगलात तिला पंख असलेल्या स्त्रीची मूर्ती दिसते, आणि जादूगारांच्या ग्रंथांत किंवा सामान्यांच्या कोशांत अशा आकृतीला नावच सापडत नाही. वाचकाला 'एंजल' हा शब्द ठाऊक असतो, नायिकेला नसतो. सर्व काही आठवणाऱ्या मुलीला नेमकी हीच गोष्ट सापडू नये, ही कल्पना विलक्षण आहे. प्रवचन न करता श्रद्धेचा अभाव जाणवून देण्याची ही रीत प्रस्तुत लेखकास या कादंबरीचे खरे यश वाटते.

परंतु हे यश एका शब्दावर उभे आहे, आणि तो शब्द मराठीत येताच अडचण सुरू होते. पंख असलेली स्त्री पाहून मराठी मूल 'परी' म्हणेल आणि पुढे जाईल. 'देवदूत' म्हणावे तर शब्द आपला अर्थ स्वतःच सांगून टाकतो. इंग्रजी शब्दाचे मूळही ग्रीक भाषेतील 'दूत' असेच आहे, पण इंग्रजी वाचणाऱ्या मुलाला ते दिसत नाही. मराठी मुलाला दिसते. शिवाय अजामिळाच्या कथेतील विष्णुदूत आणि यमदूत घरोघरी परिचित आहेत. तेव्हा अनुवादकाला कोडे राखायचे तर 'एंजल' हाच शब्द ठेवावा लागेल, आणि मग विस्मरणाची वेदना जाऊन केवळ परकेपणा उरेल. फादर स्टीफन्स यांनी 'क्रिस्तपुराणा'त (१६१६) स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा शब्द योजला, त्यामागची अडचण याच जातीची होती. त्यांनी मात्र परकेपणापेक्षा ओळख पत्करली.

येथे स्थानिक अनुभव नोंदविणे अप्रस्तुत ठरू नये. १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या जलाशयात जुने पळसदेव गेले. उन्हाळ्यात पाणी फार ओसरले की पळसनाथाचे मंदिर उघडे पडते. प्रथम वर्षाच्या वर्गात रेचलची कथा सांगितली तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, तिला घरी कुणी म्हातारं माणूस नव्हतं का?" हा प्रश्न कादंबरीच्या वर्मावर बोट ठेवणारा आहे. पळसदेवचे मंदिर बुडाले तरी त्याचे नाव तोंडोतोंडी राहिले. लॅम्पलायटर यांच्या जगात स्मृती केवळ ग्रंथांत आणि तल्लख मेंदूत आहे. आजी, ओवी, जत्रा यांना तेथे स्थान नाही. एखादी श्रद्धा कोशातून पुसली म्हणजे लोकांतूनही पुसली जाते, हे गृहीतक आपल्याकडील वाचकाला सहज पटणारे नाही.

जादूच्या शाळेची कथा तरी आपल्याला नवी कोठे आहे? कच शुक्राचार्यांकडे संजीवनी शिकण्यास जातो, मारला जातो, पुन्हा उठतो आणि अखेर गुरूच्या पोटात बसून विद्या मिळवतो. खाडिलकरांच्या 'विद्याहरण' (१९१३) नाटकाने ही कथा रंगभूमीवर गाजवली. तेथे विद्या निषिद्ध नाही. ती कोणाला फळावी एवढाच वाद आहे. देवयानीच्या शापाने ती कचाला फळत नाही, त्याने शिकविलेल्यांना फळते. जादूसाठी क्षमा मागण्याची पाळी या परंपरेवर येत नाही. रोआनोकच्या लेखिकेला मात्र ती पाने खर्चून टाळावी लागते.

मग मराठी ख्रिस्ती लेखकांनी ही वाट का धरली नाही? बनियनच्या रूपककथेचा हरी केशवजी यांनी केलेला अनुवाद 'यात्रिक क्रमण' १८४१ सालचा. म्हणजे अद्भुतातून श्रद्धा सांगण्याचा नमुना हाताशी होता. पण सोळा वर्षांनी बाबा पदमनजींनी 'यमुनापर्यटन' (१८५७) लिहिले ते विधवांच्या प्रत्यक्ष दुःखावर. मिशनच्या शाळा खऱ्या होत्या, त्यांचा झगडा भोळ्या समजुतींशी होता, आणि १८७२ मध्ये सुरू झालेल्या 'बालबोधमेवा'लाही मुलांना बोध आणि माहिती देणे अधिक निकडीचे वाटले असावे. त्यामुळे मराठीला एक थोर वास्तववादी धारा मिळाली. मुलांसाठीची ख्रिस्ती अद्भुतकथा मात्र मागे पडली. ती आज कोणी लिहावयास घेतली, तर नायिकेला निदान एक आजी द्यावी, एवढी सूचना आमच्या वर्गाच्या वतीने नोंदवितो.